दगडावरचं नाव

आमच्या गावात बस्तीच्या मागं पिंपळाचा एक कट्टा आहे. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत आम्ही सगळे बस्तीच म्हणतो. त्या कट्ट्याला टेकून तीन जुने दगड उभे आहेत. सणासुदीला वाटेनं जाणाऱ्या बायका तिन्ही दगडांना हळदकुंकू वाहायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजीबरोबर गेले होते. पहिल्याला वाहिलं, दुसऱ्याला वाहिलं, तिसऱ्याकडं हात गेला तसं आजीनं मनगट धरलं.

"त्याला कुंकू नको गं. ते सतीचं न्हवं. ती आपली बाई हाय, वरताची."

आजीला अक्षरओळख नव्हती. दगडाच्या पायथ्याशी झिजलेल्या दोन ओळी होत्या, त्या तिला वाचता येत नव्हत्या आणि मलाही नाही. पण तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, तिनं मला सांगितलं. पहिला दगड विरगळ. खाली लढाई, मध्ये वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा. दुसरा सतीचा. कोपरात वाकलेला एक हात, हातात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. तिसऱ्यावर लढाई नाही, हात नाही. एक बाई मांडी घालून बसली आहे, समोर गुरू आहेत, दोघांच्या मध्ये पोथी ठेवायची ठवणी आहे आणि वरच्या चौकटीत तीर्थंकर. एवढंच.

या तिसऱ्या दगडाला निषिधी म्हणतात. आपल्याकडं कोणी निसिदी म्हणतं, कोणी निशिदी. सल्लेखना व्रत घेऊन ज्यानं देह ठेवला, त्याच्या आठवणीसाठी घडवलेला दगड. आपल्या भागात कुणाच्या शेताच्या बांधावर, कुणाच्या परड्यात, बस्तीच्या आवारात असे दगड दिसतात. बऱ्याच ठिकाणी ते कुणाचे, कशाचे हे कुणालाच माहीत नसतं. मैत्रिणींनो, हा लेख मी त्या दगडांविषयी लिहिते आहे, आणि एका पंख्याविषयी. पंख्याचं शेवटी सांगते.

आपण सगळ्याजणी कधी ना कधी श्रवणबेळगोळला जाऊन आलेल्या असतो. विंध्यगिरी चढतो, गोमटेश्वराच्या पायाशी डोकं टेकवतो, पायाजवळचा मराठी शिलालेख मुलांना दाखवतो. चावुंडराजानं मूर्ती करविली आणि गंगराजानं भोवतालचं सुत्तालय करविलं असं सांगणारा तो लेख मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत गणला जातो. शाळेच्या पुस्तकातून तो सगळ्यांना ठाऊक असतो. मग आपण खाली उतरतो, जेवतो आणि गाडीत बसतो. समोरची लहान टेकडी, चंद्रगिरी, राहूनच जाते. ऊन फार झालेलं असतं, मुलं कंटाळलेली असतात.

खरं तर मरणाचा मोठा इतिहास त्या लहान टेकडीवर आहे. जुन्या लेखांत तिचं नाव कटवप्र, कन्नडमध्ये कळ्बप्पु. इथं भद्रबाहू स्वामींनी देह ठेवला आणि त्यांच्यामागून राज्य सोडून आलेल्या चंद्रगुप्त मौर्यानंही, अशी आपली परंपरा सांगते. नंतर शतकानुशतकं मुनी, आर्यिका, राजे, राण्या, सेनापतींच्या बायका, श्रावक-श्राविका या टेकडीवर शेवटचं व्रत घ्यायला येत राहिले. सर्वांत जुने लेख तर दगड घडवूनही कोरलेले नाहीत. पार्श्वनाथ बसदीच्या आसपास पायाखालच्या उघड्या खडकावरच ते आहेत. बघून चालावं लागतं, नाहीतर पाय अक्षरावरच पडतो.

हे लेख बी. लुईस राईस यांनी १८८९ मध्ये पुस्तकरूपानं छापले आणि पुढं १९२३ मध्ये आर. नरसिंहाचार यांनी भर घालून त्याची मोठी आवृत्ती काढली. मी सीमाभागातली. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. तरी ते हळेगन्नड मला एकटीला झेपलं नाही. आमच्या गावच्या निवृत्त कन्नड मास्तरांकडं चार उन्हाळे बसून त्यातले थोडेफार लेख मी समजून घेतले. मास्तर जैन नव्हते. पण रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधी लेख संपवायचे, कारण 'तुम्हाला घरी जाऊन जेवायचं असेल' हे त्यांच्या लक्षात असायचं.

त्या चार उन्हाळ्यांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. त्या खडकांवर बायकांची नावं आहेत.

सातव्या शतकाच्या आसपासच्या एका लेखात नागमती-गंति आहे. गंति म्हणजे आर्यिका. ती चित्तूरच्या मौनी गुरूंची शिष्या. तीन महिने व्रत पाळून तिनं देह ठेवला. दुसऱ्या लेखात शशिमती-गंति आहे. आपलं आयुष्य थोडं राहिलं हे ओळखून ती कळ्बप्पुवर आली. दोनच ओळींचे लेख. पण त्यात काय काय आहे बघा. तिचं स्वतःचं नाव, तिच्या गुरूंचं नाव, तिनं काय केलं, किती दिवस केलं. कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई, हे नाही.

त्याच टेकडीवर राजेही आले. राष्ट्रकूट घराण्याचा चौथा इंद्र इ.स. ९८२ मध्ये इथंच सल्लेखनेनं गेला. त्याच्या थोडं आधी गंग राजा दुसरा मारसिंह बंकापूरला अजितसेन आचार्यांच्या सान्निध्यात व्रत घेऊन गेला, आणि त्याचा पराक्रम सांगणारा लेख चंद्रगिरीवरच्या कूगे ब्रह्मदेव स्तंभावर आहे. राजाचा लेख लांबलचक असणारच. किती लढाया मारल्या, कुणाकुणाला नमवलं. पण त्याच्या शेवटी जे सांगायचं ते नागमतीच्या दोन ओळींतही आहे. गुरूंसमोर व्रत घेतलं, पाळलं, गेले.

आता गंगराजाकडं परत येऊ. मराठी शिलालेखातला तोच गंगराज, होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. सुत्तालय बांधणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण चंद्रगिरीवर तो मला मुलगा आणि नवरा म्हणून भेटला. आई पोचव्वेसाठी त्यानं कत्तले बसदी बांधली. पुढं पोचव्वेनं सल्लेखना घेतली तेव्हा तिची निषिधी उभारली. बायको लक्ष्मीमती इ.स. ११२०च्या सुमारास सल्लेखनेनं गेली, तिचीही निषिधी त्यानं उभारली. या लक्ष्मीमतीनं स्वतः तिथं एरडुकट्टे बसदी बांधली होती. तिच्या दगडावर आहार, अभय, औषध आणि शास्त्र ही चार दानं करणारी म्हणून तिची स्तुती आहे. एवढा मोठा सेनापती, बायकोच्या दगडावर स्वतःच्या लढाया कोरून मोकळा झाला असता तर कोण अडवणार होतं? पण तिच्या दगडावर तिची दानं आहेत.

याच्याही दोनशे वर्षं आधीची एक बाई मला फार जवळची वाटते. जक्कियब्बे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याच्या काळात, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, तिचा नवरा नागरखंड नावाच्या सत्तर गावांचा कारभार पाहत होता. तो गेल्यावर राजानं कारभार तिच्याकडं दिला, आणि तिनं तो नीट चालवला. पुढं दुखणं वाढलं तेव्हा तिनं जबाबदारी मुलीकडं सोपवली, बंदनिकेच्या बसदीत आली आणि व्रत घेऊन देह ठेवला. हे सगळं दगडावर आहे. एका बाईनं दुसऱ्या बाईच्या हाती कारभार दिला, हेसुद्धा. किल्ल्या सुनेच्या हाती द्यायला आपल्याकडं सासूला किती वर्षं लागतात ते तुम्हाला माहीत आहे.

कुणी म्हणेल, या सगळ्या मोठ्या घरच्या किंवा घर सोडलेल्या. शेतात भांगलणाऱ्या बाईचा दगड कुठं आहे? बरोबर आहे. तिचा दगड नाही. ज्याच्याकडं दगड घडवून घ्यायला पैसा किंवा गुरुपरंपरा होती, त्याचीच आठवण राहिली. आणि ज्या काळात नागमतीचं नाव खडकावर कोरलं गेलं, त्याच काळापासून पुढं गावोगाव सतीचे दगडही उभे राहत गेले. काही सतीशिळांवर नाव असतं. पण आमच्याकडच्या बहुतेकांवर नुसता हात असतो. कुणाचा हात, तिला कुणी विचारलं होतं का, ती कशी गेली, हे तो हात सांगत नाही. आमच्या पिंपळाखाली ते दोन्ही दगड शेजारी शेजारी उभे आहेत, हे मला विसरता येत नाही.

म्हणूनच मी निषिधीवरच्या नावाला इतकं महत्त्व देते. आपल्या शास्त्रानं सल्लेखनेला घातलेल्या अटी पाहा. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितलं आहे की संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग यांवर जेव्हा काहीच उपाय उरत नाही, तेव्हाच हे व्रत. आधी राग-लोभ सोडायचा, सगळ्यांची क्षमा मागायची, सगळ्यांना क्षमा करायची. मग अन्न हळूहळू कमी करायचं. जड अन्न, मग पातळ, मग नुसतं पाणी, मग तेही नाही. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच दोष सांगितले आहेत. आणखी जगावं ही इच्छा हा दोष, तसाच मरण लवकर यावं ही इच्छाही दोष. म्हणजे जीव नकोसा झाला म्हणून केलेलं ते सल्लेखनेत बसत नाही. आणि दुसऱ्यानं लादलेलं तर नाहीच नाही. हे व्रत आपलं आपण मागावं लागतं, गुरूंसमोर, शुद्धीवर असताना. दगडावरचं नाव त्याची साक्ष आहे. ही बाई आली, तिनं मागितलं, तिनं पाळलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये याची आठवण मला पुन्हा झाली. त्या महिन्याच्या १० तारखेला राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या असा निकाल दिला. २४ तारखेला देशभर मूक मोर्चे निघाले. मीही पांढरी साडी नेसून चालले. ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी मला विचारलं. वहिनी जैन नाहीत, पण वीस वर्षं आमची वाटीची देवघेव आहे. त्या म्हणाल्या, "राग मानू नका. पण म्हातारं माणूस घराला जड झालं की कुणी असं करायला लावत असेल तर? कुणाला कळणार?"

मला राग आला होता. मी त्यांना अटी सांगितल्या, दोष सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण रात्री मला माचिकब्बे आठवली.

माचिकब्बे ही होयसळ राणी शांतलादेवीची आई. शांतला नृत्य-संगीतात निपुण, जिनभक्त. तिनं चंद्रगिरीवर सवतिगंधवारण बसदी बांधली. इ.स. ११३१ मध्ये शिवगंगेला ती वारली. लेक गेली आणि आईनं बेळगोळला येऊन सल्लेखना घेतली. एक महिना उपवास करून ती गेली. लेखात तिच्या धैर्याची स्तुती आहे. मास्तरांनी तो लेख वाचून दाखवला तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही. तरण्याताठ्या लेकीमागं आई जाते, ते व्रत की दुःख? मित्रानुराग, माणसांच्या आठवणीत जीव अडकणं, हाही त्या पाच दोषांतलाच एक आहे. माचिकब्बेच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. कदाचित त्या महिन्याभरात तिनं लेकीलाही सोडलं असेल. पण वहिनींचा प्रश्न जैनांचा द्वेष करणाऱ्याचा प्रश्न नाही, हे मला त्या रात्री कळलं. तो एका बाईनं दुसऱ्या बाईबद्दल विचारायचाच प्रश्न आहे. तिला विचारलं होतं का?

आता आजीचं सांगते.

आजीनं भोजच्या शांतिसागर महाराजांना कुंथलगिरीला पाहिलं होतं. भोज आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं, त्यामुळं महाराज म्हणजे तिला आपल्याच घरचे. १९५५ साली १४ ऑगस्टला महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, देह ठेवला. शेवटचा उपदेश त्यांनी ८ सप्टेंबरला मराठीत केला आणि तो ध्वनिमुद्रित झाला. आजी गावच्या माणसांबरोबर ट्रकमधून गेली होती, कडेवर माझे वडील. "माणसांचा समुद्र, पन आवाज कसला न्हाई," एवढंच ती सांगायची. मुनींना आडवं नेत नाहीत, पद्मासनात बसवून विमानातून नेतात. तेही तिनं तिथं पहिल्यांदा पाहिलं.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते, होस्टेलवर. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. आमच्यात पिंड नाहीत, कावळा शिवायची वाट पाहणं नाही. राख सावडली, सुतक पाळलं, बस्तीत शांतिविधान झालं. छापील कार्ड निघालं, 'आमच्या मातोश्री यांचे समाधिपूर्वक निधन झाले'. खाली वडील, काका, चुलतभाऊ अशी बारा पुरुषांची नावं. आजीचं नाव कार्डात नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग वर्षश्राद्ध आम्ही करत नाही म्हणून तिच्या पहिल्या पुण्यतिथीला काकांनी बस्तीच्या सभामंडपात पंखा दिला. पंख्याच्या पाकळीवर लाल रंगात आजोबांचं पूर्ण नाव आणि पुढं 'यांच्या धर्मपत्नीच्या स्मरणार्थ'. तो पंखा अजून फिरतो. फिरताना वाचता येत नाही. बंद असला की येतं, पण वाचण्यासारखं तिचं काही नाही.

वहिनींच्या प्रश्नानंतर मी थोरल्या आत्याकडं गेले. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढं. तिला सरळच विचारलं, "आजीला कुणी करायला लावलं नाही ना?"

आत्या आधी रागावली. मग म्हणाली, "तिनंच मागितलं. तुझा बाप आठ दिवस न्हाईच म्हनत हुता. शेवटी उपाध्यांनी तिला परत परत इचारलं, तवा नियम दिला. आनि रोज सकाळी तुझी आई ताट वाढून म्होरं ठेवायची. 'खाता काय, आत्ती?' म्हनून इचारायची. रोज. त्या 'न्हाई' म्हनायच्या तवाच ताट उचलायचं."

आई तेव्हा चाळिशीची असेल. तिनं हे मला कधी सांगितलं नाही. नागमतीच्या तीन महिन्यांत तिच्यासमोर कोण ताट ठेवत होतं, कोण विचारत होतं, ते खडकावर नाही. पण असणार कुणीतरी. व्रत पाळणारीचं नाव दगडावर येतं. रोज विचारणारीचं कुठंच नाही. वहिनींना उत्तर द्यायचं तर ते या रोजच्या ताटातच आहे, शास्त्राच्या पुस्तकाइतकंच. ज्या घरात असं ताट ठेवलं जात नाही, तिथं सल्लेखना हा शब्द वापरायचा आपल्याला हक्क नाही, असं मी आता उघड म्हणते. मोर्च्यात चालले तशीच म्हणते.

निघताना आत्याला विचारलं, आजीचं नाव काय होतं? तिनं सासरचं सांगितलं, ते मला माहीत होतं. "माहेरचं?" आत्या बराच वेळ आठवत बसली. मग एकदम आठवलं आणि हसली. तिची आजी, म्हणजे आजीची आई, त्या नावानं तिला हाक मारायची. साठ-सत्तर वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

दोन्ही नावं इथं लिहिणं मला सोपं आहे. पण या पुस्तकाआधी ती बस्तीत लागली पाहिजेत. सभामंडपाची दुरुस्ती चालू आहे, भिंतीत एक लहान शिळा बसवायला कमिटीनं हो म्हटलं आहे. मजकूर मी लिहून दिला आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, गुरू म्हणून उपाध्यांचं नाव, व्रताचे दिवस. आणि शेवटच्या ओळीत आईचं नाव, 'रोज विचारलं' एवढंच. कमिटीतल्या एकांनी ती शेवटची ओळ कशाला म्हणून विचारलं. मी त्यांना म्हटलं, पिंपळाखाली चला, तिसरा दगड दाखवते. त्यावर दोन माणसं आहेत, एकटं कुणी नाही.

तुमच्या घरी कार्डं असतील, पंखे, कपाटं, पाण्याच्या टाक्या असतील. एकदा बंद करून वाचून बघा.